मित्रांना बोटीवर नेताना: पेट्रोलची वर्गणी, सुकाणू आणि पॉलिसीतली बारीक अक्षरं

‘मित्र कशाला कोर्टात जाईल?’ स्वतःची बोट असलेल्यांच्या तोंडी हा प्रश्न हमखास असतो, आणि मित्र खरोखरच जात नाही. पण त्याच्या मणक्याच्या ऑपरेशनचं बिल ज्या आरोग्य विमा कंपनीने भरलं, तिची तुमची काही दोस्ती नसते. बिल भरलं की अपघाताला जबाबदार असलेल्याकडून ती रक्कम वसूल करायचा हक्क बहुतेक ठिकाणी तिच्याकडे येतो. विम्याच्या धंद्यात याला सब्रोगेशन म्हणतात. मग दावा लागतो तो मित्राच्या नावाने. त्याला मनातून नको असलं तरी कंपनीला सहकार्य करणं त्याच्या पॉलिसीत बंधनकारक असतं. मित्र दगावलाच तर निर्णय त्याच्या घरच्यांचा, आणि जखमी मूल असेल तर त्याच्या पालकांचा. म्हणजे मैत्री कितीही घट्ट असो, दाव्याची दोरी मित्राच्या हातात असतेच असं नाही.

पाहुणा फुकट आला होता, स्वतःच्या हौसेने आला होता, असं म्हणूनही सुटका होत नाही. यावरचा अमेरिकेतला एक निकाल बोटवाल्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे. १९४८ साली न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागलेल्या ‘ओरेगॉन’ या जहाजावर केरमारेक नावाचा माणूस तिथल्या एका खलाशाला भेटायला गेला. निव्वळ भेटीगाठीसाठी. परतताना जिन्यावर घसरून पडला. पायऱ्यांवरची कॅनव्हासची पट्टी नीट ठोकलेली नव्हती. त्याला मिळालेल्या पासवर ‘सर्व धोका पास घेणाऱ्याचा’ असं छापलेलं होतं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५९ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. जमिनीवरच्या जुन्या कायद्यात गिऱ्हाईक आणि पाहुणा असा जो भेद होता, तो न्यायालयाने जहाजावर चालू दिला नाही. जो रीतसर बोटीवर आला आहे आणि खलाशी नाही, त्या प्रत्येकाच्या बाबतीत परिस्थितीला साजेशी वाजवी काळजी घेणं हे मालकाचं कर्तव्य ठरलं. इतर देशांत कायद्याचे शब्द वेगळे असतात, पण प्रश्न साधारण हाच विचारला जातो: शहाण्या नाविकाने जे केलं असतं ते तुम्ही केलं का?

म्हणून मित्रांकडून ‘आम्ही आमच्या जबाबदारीवर येतोय’ असं लिहून घेण्यावर फार भिस्त ठेवू नका. अशा कागदाला कुठे थोडी किंमत असते, कुठे शून्य, आणि मुलांच्या वतीने पालकांनी केलेली सही तर अनेक न्यायालयं मानतच नाहीत. त्या कागदाचा खरा उपयोग एवढाच, की धोके काय आहेत हे तुम्ही आधी सांगितलं होतं याचा तो पुरावा ठरतो. तेवढ्यासाठी लॉगबुकातली, म्हणजे सफरीच्या नोंदवहीतली, एक ओळही पुरते: तारीख, वेळ, माणसं किती, सूचना दिल्या, जॅकेटं चढवून पाहिली.

काळजी म्हणजे नेमकी कशाची

छोट्या वेगवान बोटीवर पाहुण्यांना होणारी एक ठरावीक दुखापत आहे, आणि ती बोट न उलटता, कुणी पाण्यात न पडता होते. पाहुण्याला मजा यावी म्हणून त्याला नाळेवर, अगदी पुढे बसवतात. समोरून दुसऱ्या बोटीची लाट येते, बोट हवेत उडते, माणूस बैठकीवरून अर्धा फूट वर जातो, आणि तो खाली येत असतानाच बोटीचा तळ वर येत असतो. सगळा दणका कमरेच्या मणक्यावर बसतो. मणका दबून चेपतो. सुकाणूवर बसलेल्या मालकाला मात्र तीच लाट हलकीशी वाटते, कारण तो बोटीच्या मागच्या भागात असतो, जिथे उसळी कमी, आणि हातात चाक असल्यामुळे तो आधीच सावरलेला असतो. ‘मला तर काहीच जाणवलं नाही’ हे त्याचं उत्तर खरंच असतं, पण उपयोगाचं नसतं. वेगात असताना पाहुणे मागे बसवायचे, दोन्ही पाय टेकलेले, हातात पकड, आणि मोठी लाट दिसली की आधी वेग उतरवायचा. समुद्रावरच्या वाहतुकीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम खासगी बोटीलाही लागू असतात. त्यातला पाचवा नियम सतत नजर ठेवण्याचा आणि सहावा सुरक्षित वेगाचा. दाव्यात हे दोन आकडे हमखास निघतात.

दुसरी जागा म्हणजे पिछाडी. पोहणाऱ्याला वर घेताना इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवणं पुरेसं नाही, बंद करायचं. गिअरची केबल ढिली असेल तर न्यूट्रलमध्येही इंजिनाचा पाण्यातला पंखा हळू फिरत राहतो, आणि गर्दीत कुणाचा तरी कोपर लिव्हरला लागतो. पोहणाऱ्याच्या दिशेने मागे घेत बोट नेणं तर कधीच नाही. शिडी अशी हवी की पाण्यातल्या माणसाला ती स्वतः खाली ओढता आली पाहिजे.

पिछाडीलाच कार्बन मोनॉक्साइड साठतो. बोट हळू चालत असेल किंवा जनरेटर सुरू ठेवून उभी असेल, तर धूर मागच्या फळीपाशी घुटमळतो, आणि वाऱ्याच्या ओढीने उलटा बोटीतही येतो. डोकं दुखणं, मळमळणं ही त्याची लक्षणं बोट लागल्यासारखीच असतात. मग लोक काय करतात, तर त्या माणसाला आराम पडावा म्हणून खाली केबिनमध्ये निजवतात, जिथे वायू आणखी जास्त असू शकतो. एकापेक्षा जास्त पाहुण्यांना एकदम डोकेदुखी सुरू झाली तर आधी इंजिन आणि जनरेटर बंद करा, सगळ्यांना उघड्या हवेत आणा.

किल स्विच म्हणजे दोरी ओढली गेली की इंजिन बंद पाडणारा खटका. त्याची दोरी पायाला किंवा जॅकेटला अडकवलेली नसेल आणि चालवणारा फेकला गेला, तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींवर वेगात असताना ही दोरी किंवा तिचा बिनतारी प्रकार वापरणं सक्तीचं आहे. जिथे सक्ती नाही तिथेही बोटीवर दोरी होती आणि ती खिळ्याला टांगलेली होती, हे सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसान तपासायला आलेल्या माणसाच्या, फोटोत दिसलं की निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही. आणखी एक दोरी सुटी ठेवा. चालवणारा पाण्यात पडला की पहिली दोरी त्याच्याबरोबरच गेलेली असते, आणि वर राहिलेल्या पाहुण्यांना इंजिन सुरू करता येत नाही.

लाइफजॅकेट प्रत्येकाच्या मापाचं हवं. मुलांचं वजनावरून ठरतं. आयएसओ १२४०२ या आंतरराष्ट्रीय मानकात जॅकेटची तरंगवण्याची ताकद न्यूटनमध्ये मोजतात: १०० न्यूटनचं जॅकेट शांत, आडोशाच्या पाण्यासाठी, १५० चं सर्वसाधारण समुद्रासाठी आणि २७५ चं खोल समुद्रासाठी किंवा जड कपड्यांवर. फुगणाऱ्या जॅकेटचं गॅस सिलिंडर हाताने घट्ट आहे का ते बघा, कारण हे सिलिंडर थरथरीने ढिलं होतं. १५० न्यूटनच्या जॅकेटला साधारणपणे ३३ ग्रॅमचं सिलिंडर असतं. जॅकेट फुगवणाऱ्या यंत्रणेवरची खूण हिरवी आहे ना आणि तारीख उलटलेली नाही ना, तेही बघा. मांडीखालचा पट्टा नसेल तर फुगलेलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघायला बघतं. अमेरिकी तटरक्षक दलाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं एकच चित्र दिसतं: बोट अपघातात बुडून मेलेल्या दर पाचांपैकी चारांहून अधिक जणांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. जॅकेट बहुधा बोटीवर होतं, बैठकीच्या खालच्या खणात.

माणसं किती, हे बोटीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. युरोपच्या सीई (तिथल्या सुरक्षा नियमांत बसल्याची खूण) पट्टीत एक माणूस म्हणजे ७५ किलो धरलेला असतो, हे लक्षात ठेवा. पाच धष्टपुष्ट मित्र आणि बर्फाची पेटी मिळून कागदावरचे सहा जण कधीच भरून जातात. शिवाय तो आकडा माणसं आपापल्या जागी बसली आहेत असं धरून काढलेला असतो. काहीतरी बघायला सगळे एकाच बाजूला धावले की हिशेब कोलमडतो.

पैसे घेतले की बोट बदलते

बोट तीच, माणसं तीच, पण पैशाने हात बदलला की ‘खासगी सहल’ची ‘प्रवासी वाहतूक’ होऊ शकते. खासगी वापराची पॉलिसी प्रवासी वाहतुकीला संरक्षण देत नाही. शिवाय परवाना नसताना प्रवासी नेल्याचा गुन्हा वेगळा.

रेषा कुठे आहे? अमेरिकेच्या कायद्यात दोन गोष्टी पाहतात. पैसे ही बोटीवर येण्याची अट होती का, आणि ते त्या सफरीच्या प्रत्यक्ष खर्चातला ऐच्छिक वाटा होते का. इंधन, खाणंपिणं, सामान मित्रांनी स्वखुशीने वाटून घेतलं तर ते भाडं धरलं जात नाही. ‘आधी पैसे टाका, मग जागा’ म्हटलं की धरलं जातं. ब्रिटनच्या व्याख्येत खासगी बोटीच्या मालकाला त्या सफरीत झालेल्या थेट खर्चातला वाटा घेता येतो, त्यापलीकडे काही नाही.

हा हिशेब कसा दिसतो ते बघा. निघताना टाकीत १२० लिटर, परतल्यावर ७०. जळलं ५० लिटर. मालकासह पाच जण, म्हणजे प्रत्येकी १० लिटरचे पैसे. मालकाचा वाटा मालकाचाच. आता चौघांनी मिळून ‘टाकी फुल करून देतो’ म्हणत निघतानाच १२० लिटर भरले असतील, तर उरलेलं ७० लिटर तुमच्या पुढच्या सफरीचं इंधन झालं, आणि तो या सफरीचा खर्च नाही. धक्क्याचं वर्षभराचं भाडं, इंजिनाची सर्व्हिसिंग, तळाचा रंग, विम्याचा हप्ता यातलं काहीच वाटून घ्यायचं नाही, अगदी ‘थोडं थोडं’ही नाही. परत आल्यावर, जळालेलं मोजून, मग वाटणी, ही सवय सगळ्यात स्वच्छ.

आणि आता खरी गोम. कायद्याने चालतं म्हणून पॉलिसीत चालतंच असं नाही. काही पॉलिसींत ‘कोणताही मोबदला’ असे शब्द असतात आणि खर्चाच्या वाटणीला सूट दिलेलीच नसते. मजकूर तसा असेल तर कंपनीला आधीच विचारून लेखी उत्तर घ्या. ग्रुपवर टाकलेला ‘माणशी इतके’ हा मेसेज तपासात सहज सापडतो. ऑफिसच्या गिऱ्हाइकांना फिरवणं, देणगीच्या लिलावात ‘एक दिवसाची सफर’ बक्षीस ठेवणं, सुट्टीच्या दिवशी बोट ॲपवर भाड्याने देणं, या सगळ्याला लोक मैत्री, समाजकार्य किंवा किरकोळ वरकमाई म्हणतात. विमा कंपनी त्याला व्यावसायिक वापर म्हणते. फक्त खासगी मौजेसाठी बोट वापरू, ही अट मोडल्याचं कारण देऊन कंपनी आगीचासुद्धा क्लेम नाकारू शकते का, असा वाद लेक टेक्सोमावरच्या एका जळालेल्या हाउसबोटीवरून १९५५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला होता. अशा अटीचा भंग केल्यावर काय होतं हे कुठल्या राज्याचा किंवा देशाचा कायदा लागतो यावर अवलंबून असतं, आणि तो कायदा बहुधा पॉलिसीतच, शेवटच्या पानावर ठरवून टाकलेला असतो.

सुकाणू कोणाच्या हातात

‘घे, जरा चालवून बघ’ म्हणून मित्राच्या हातात चाक दिलं तरी कप्तान तुम्हीच राहता. नवख्याच्या हातात बोट दिली हाच स्वतंत्र निष्काळजीपणा ठरू शकतो. पॉलिसीत इथे तीन प्रकार आढळतात. कुठे मालकाच्या परवानगीने चालवणारा कोणीही चालतो, कुठे फक्त नावं दिलेले चालक, आणि कुठे ठरावीक अनुभव किंवा प्रमाणपत्र असलेलेच. दुसऱ्या प्रकारात मित्राने धडक मारली तर समोरच्याच्या बोटीचं नुकसान तुमच्या खिशातून जायची पाळी येते. पहिल्या प्रकारातही एक फट असते. मित्र चालवत असताना तुम्हीच जखमी झालात, तर मित्र तुमच्या पॉलिसीखाली ‘विमाधारक’ ठरतो आणि तुम्हीही विमाधारक. एका विमाधारकाने दुसऱ्याकडे केलेला दावा पुष्कळ पॉलिसींत वगळलेला असतो. घरच्या माणसांच्या दुखापतीचंही तसंच. ‘मित्रांना संरक्षण आहे, बायकोला नाही’ ही स्थिती ऐकायला विचित्र वाटते, पण अपवादांच्या यादीत ती सर्रास सापडते.

चालवणाऱ्याने प्यायलेली असेल तर पुढचं काही बोलायला नको. अमेरिकेत रक्तातल्या अल्कोहोलची केंद्रीय मर्यादा ०.०८ टक्के आहे, आणि पॉलिसीतली अट त्याहून कडक असू शकते.

पॉलिसी वाचताना

बोटीची किंमत आणि जबाबदारीचं संरक्षण (तुमच्यामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची, नुकसानीची भरपाई) ही दोन वेगळी खाती आहेत. बोट स्वस्त म्हणून जबाबदारीची रक्कम कमी घेणं ही नेहमीची चूक. जुन्या होडीच्या पंख्यानेही पाय तेवढाच कापला जातो. जबाबदारीच्या रकमेत वकिलाचा खर्च धरलेला आहे की तो वेगळा, हे विचारा. धरलेला असेल तर खटला जितका लांबेल तितकी भरपाईसाठीची रक्कम आटत जाते.

औषधोपचाराचं छोटं कलम असतं. चूक कोणाची हे न पाहता ते प्रत्येक जखमीला ठरावीक रकमेपर्यंत पैसे देतं. दोरात सापडलेलं हाताचं बोट, धक्क्यावर उडी मारताना मुरगळलेला घोटा असल्या गोष्टी इथेच मिटतात आणि सहसा वाढत नाहीत. हप्त्यात फारसा फरक पडत नाही, म्हणून हे कलम घ्याच.

बुडालेली बोट बाहेर काढायचा खर्च बोटीच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो, आणि बंदराच्या अधिकाऱ्यांनी हुकूम काढला की तो टाळता येत नाही. तो बोटीच्या विम्याच्या रकमेतून जातो की वेगळा, हे बघा. तेल सांडल्याचा खर्चही असाच.

ट्यूब, वॉटर स्की, वेकबोर्ड: दोरामागे ओढल्या जाणाऱ्या माणसाचा विमा बहुतेक मूळ पॉलिसींत नसतो किंवा वेगळा जोडावा लागतो. मित्रांना न्यायचं म्हणजे ट्यूब आलीच, म्हणून हा मुद्दा सगळ्यात आधी तपासा. ठरलेली जलक्षेत्रं, बोट किनाऱ्यावर काढून ठेवण्याचे ठरलेले महिने, शर्यती, रात्री एकट्याने चालवणं, यांच्या अटी मोडल्या की मोसमाबाहेरच्या एका सुंदर रविवारी तुम्ही विम्याशिवाय पाण्यात असता.

घराच्या पॉलिसीत छोट्या होडीला थोडं संरक्षण असतं खरं, पण ते इंजिनाच्या ताकदीवर आणि बोटीच्या लांबीवर अडतं. बोट पॉलिसीची रक्कम संपल्यावर लागू होणारी वरची जादा जबाबदारी पॉलिसी घेतली असेल तर ती खालची बोट पॉलिसी किती रकमेची असावी हे ठरवून देते. खालची कमी पडली तर मधली रक्कम तुमची.

सागरी विमा ‘परम सद्भावा’वर, म्हणजे एकमेकांपासून महत्त्वाचं काही न लपवण्यावर, उभा आहे. ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्यात ते कलम १७ मध्ये लिहिलं गेलं. तिथे आता ग्राहकांसाठी नियम सौम्य झाले आहेत, सगळीकडे झालेले नाहीत. इंजिन बदलून मोठं बसवलं, मागे एक अपघात झाला होता, परवाना निलंबित झाला होता, हे न सांगणं म्हणजे क्लेम फेटाळायला कंपनीच्या हाती आयतं कारण देणं. त्याच कायद्याचं कलम ३९ सांगतं की ठरावीक मुदतीच्या पॉलिसीत बोट सागरक्षम असल्याची गर्भित हमी नसते. पण ती तशी नाही हे माहीत असूनही मालकाने बोट पाण्यात नेली, तर त्या दोषामुळे झालेल्या नुकसानीला कंपनी जबाबदार नाही. म्हणून ‘बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) मधूनमधून अडकतो, पुढच्या महिन्यात बघू’ असा मेकॅनिकला पाठवलेला मेसेज महागात पडतो.

कायद्याने मालकाची जबाबदारी मर्यादित होते असं ऐकून काही जण निर्धास्त असतात. अमेरिकेच्या १८५१ च्या कायद्यात ती बोटीच्या किमतीपुरती राहते, पण चूक मालकाच्या माहितीबाहेर घडलेली असेल तरच. मालकच सुकाणूवर असताना ‘मला माहीत नव्हतं’ हे कोणाला पटणार?

अपघात झाल्यावर

आधी माणूस, मग बाकीचं. त्यानंतर चार्टप्लॉटरवरचा (नकाशावर बोटीची वाट दाखवणाऱ्या यंत्रावरचा) मार्ग लगेच सेव्ह करा, जुन्यावर नवं लिहिलं जातं. थ्रॉटलची स्थिती, किल स्विचची दोरी, बैठक, निसटलेली पकड, सगळ्याचे फोटो काढा. सोबतच्या प्रत्येकाचं नाव आणि नंबर लिहून घ्या. सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्ती करू नका, पण नुकसान वाढू नये म्हणून जे वाजवी आहे ते करणं तुमचं कामच आहे: गळती बुजवा, इंजिनात पाणी शिरलं असेल तर मेकॅनिकला बोलवा, पावत्या ठेवा. तो खर्च साधारणपणे विम्यातून मिळतो.

मित्राची विचारपूस जरूर करा, दवाखान्यात बसा. ‘चूक माझीच, सगळा खर्च मी देतो’ असं मात्र लिहून देऊ नका. कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही अशी अट जवळपास प्रत्येक जबाबदारी पॉलिसीत असते, आणि त्या एका मेसेजने मित्राला मिळू शकणारी भरपाईच अडकते. हे मित्रालाही समजावून सांगा, नाहीतर तुम्ही अंग काढून घेताय असा त्याचा समज होईल.

ओढून न्यायला दुसरी बोट आली तर दोर घेण्याआधी विचारा: हे ठरलेल्या रकमेचं ओढणं आहे की बचाव? बचावाचा मोबदला वाचवलेल्या मालमत्तेच्या किमतीवर ठरतो आणि आकडा पाहून घाम फुटतो. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा.

सरकारी नोंदीच्या मुदती छोट्या असतात. अमेरिकेत २४ तासांच्या आत मृत्यू झाला, कोणी बेपत्ता झालं किंवा प्रथमोपचारापलीकडे उपचार लागले, तर ४८ तासांत अहवाल द्यावा लागतो. फक्त २,००० डॉलर किंवा जास्त नुकसान असेल तर १० दिवसांत. विमा कंपनीला मात्र त्याच दिवशी कळवा, क्लेम होईल असं वाटत नसलं तरी. पाठ दुखतेय म्हणून घरी गेलेल्या पाहुण्याचा एक्स-रे तीन आठवड्यांनी निघतो.

मोसमाची पहिली सफर ठरवण्याआधी कंपनीला एक ई-मेल करा. त्यात विचारा: मित्र इंधनाचा वाटा देतील, चालेल का? माझ्या उपस्थितीत त्यांनी चाक धरलं तर? ट्यूब ओढली तर? उत्तर फोनवर आलं तर तेच पुन्हा ई-मेलने मागा, आणि ते बोटीवरच्या फाइलीत नाही, घरी ठेवा.